मुळापासून

जळकोटच्या आडत दुकानात लॅपटॉप मांडून बसलेला हा गडी चटकन ओळखू येतो. शिक्षण नांदेडला, नोकरी काही काळ पुण्यात, सध्या गावाकडूनच काम. दर दोन वाक्यांमागे एकदा तरी 'मुळापासून' म्हणणार.

आडतवाल्या आप्पांचं मागणं साधं होतं. वजन आणि भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी निघावी, तीही सोयाबीन यायच्या आत. 'मग टॅलीच घेऊ की,' आप्पा म्हणाले. गडी हसला. 'आप्पा, दुसऱ्याच्या खुंटीला आपलं धोतर कशाला?'

नोंदी ठेवायला एसक्यूलाइट आहे. २००० सालापासूनचं, फुकट. आप्पांच्या खिशातल्या मोबाइलातही तेच चालतं. पण दुसऱ्याने लिहिलेल्या कोडवर याचा विश्वास नाही. (स्वतःच्या कोडवर न तपासताही बसतो.) म्हणून वैशाखात स्वतःचा डेटाबेस सुरू झाला आणि ज्येष्ठात स्वतःचा फॉन्ट. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, मुक्तासारखे फॉन्ट फुकट मिळतात, हे त्याला ठाऊक असतं. 'पण त्यांचा ल बघा की!' अक्षरांना क्रमांकही त्याने स्वतःचेच दिले. त्यामुळे त्याची फाइल त्याच्याच लॅपटॉपवर वाचता येते. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर कृतिदेवमध्ये उघडून कपाळावर हात मारणारे जुने डीटीपीवाले यावर काय बोलतील ते इथे छापता येणार नाही.

त्याला नेटस्केपची गोष्ट सांगून बघावी. १९९८ मध्ये त्यांनी जुना कोड बाजूला सारून ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. नवी आवृत्ती २००० च्या अखेरीस आली, तोवर गिऱ्हाईक इंटरनेट एक्सप्लोररकडे निघून गेलं होतं. 'त्यांना जमलं नाही,' एवढ्यात विषय संपतो. वर लिनक्सवाल्या टोरवाल्ड्सचा दाखला : कोडच्या आवृत्त्या सांभाळायला २००५ मध्ये त्याने गिट स्वतःच लिहिलं ना! लिहिलं, खरंय. पण त्याआधी त्याच कामाला तो निमूट दुसऱ्याचं बिटकीपर वापरत होता. फुकट परवाना गेला, तेव्हा कुठे बसला लिहायला.

तरी हा गडी आळशी नाही, हे कबूल केलं पाहिजे. रात्र रात्र जागतो. त्याच्याइतकं डेटाबेसच्या पोटातलं कळणारा माणूस तालुक्यात दुसरा नसेल. पट्टी तेवढी निघत नाही.

अखेर सोयाबीनच्या ऐन गर्दीत एक निघाली. ल सुरेख होता. तारीख होती ३१ सप्टेंबर, कारण कॅलेंडरही घरचंच. शेतकऱ्याने कागद उलटापालटा करून विचारलं, 'आप्पा, ही तारीख कवा येनार हाय?'

गड्याने लगेच कोड उघडला. वैशाखातला होता. बराच वेळ कपाळाला आठ्या घालून वाचत राहिला आणि म्हणाला, 'हे कुणी लिहिलंय? यात हात घालण्यात अर्थ नाही आप्पा, नव्यानंच लिहावं लागंल.'

आप्पांनी मुनिमाला पावतीबुकं आणायला उदगीरला धाडलं.