म्हणा, मम!

सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाचं काम सोपं असतं. गुरुजी पाच मिनिटं संस्कृतातून बरंच काही म्हणतात, यजमान पळीभर पाणी तळहातावर घेऊन बसतो आणि खूण झाली की म्हणतो, "मम." झाला संकल्प. कशाचा, ते गुरुजींना विचारा.

इंदूरचा हवामान-संकल्पही याच चालीवर झाला. डिसेंबर २०२४ मध्ये महापालिका आणि एनर्जी स्वराज फाउंडेशन यांनी 'इंदौर क्लाइमेट मिशन' नावाची शंभर दिवसांची मोहीम काढली. घरोघरी वीज कमी जाळायची, म्हणजे कुठल्यातरी औष्णिक केंद्रात तेवढा कोळसा कमी जळेल. हिशेब खरा आहे. आपल्याकडच्या एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. फाउंडेशनचे चेतनसिंह सोळंकी आयआयटी मुंबईत प्राध्यापकी केलेले. २०२० पासून सौरऊर्जेवरच्या बसमधून देश फिरताहेत आणि २०३० पर्यंत घरी जाणार नाहीत. अशा माणसाची टिंगल करायला जीभ रेटत नाही. आपण तर गॅस बंद केला की नाही, एवढं बघायला पलासिया चौकातून परत येतो.

टिंगल करायची ती आपलीच. सोळंकी सर बिनइस्त्रीचे कपडे घालतात. एक जोड इस्त्री केला की सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. या हिशेबावर २०२४ मध्ये सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन संस्थेनेही आपल्या लोकांना सोमवारी चुरगळलेले कपडे घालून यायला सांगितलं होतं. आता तुम्ही आमच्या राजेंद्र नगरात चुरगळलेला झब्बा घालून लता मंगेशकर सभागृहात गाण्याला जाऊन दाखवा. मध्यंतरापर्यंत तीन जण विचारतील, "तब्येत बरी आहे ना?" चौथा तुमच्या सुनेबद्दल चौकशी करेल. सभागृहातला एसी किती युनिट खातो, हे मात्र कोणी विचारणार नाही. उलट मागच्या रांगेतून आवाज येईल, "जरा वाढवा हो."

वीज वाचवायची शपथ घेतली, फोटो निघाला, मम.

मग इंदूरकर कुचकामी आहे का? मुळीच नाही. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते तेव्हा आमची गल्ली बघा. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा: सहा प्रकार. नातवाला तेराचा पाढा येत नाही, पण संपलेला सेल कुठे टाकायचा ते झोपेतही सांगेल. २०१७ पासून शहर स्वच्छतेत वर्षामागून वर्ष पहिलं आलं, ते काही शपथा घेऊन नाही. गाडी रोज दारात येते आणि आपला डबा शेजारीण बघते, म्हणून.

कार्बनची गाडी येत नाही. त्याला वास नाही, तो डब्यात मावत नाही, आणि समोरच्यांनी आपल्यापेक्षा दुप्पट सोडला तर कळायला मार्ग नाही. जे शेजाऱ्याला दिसत नाही ते मध्यमवर्गीय माणूस कशासाठी करील?

तरी आपण केलंच आहे, नकळत. आपला ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये जातो. रोजच्या ५५० टन कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याच्या या कारखान्याचं उद्घाटन पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये केलं. कचरा उघड्यावर कुजून जो मिथेन निघाला असता, तो आता इंधन म्हणून बसमध्ये जातो. शहराने कार्बन क्रेडिट विकून पैसेही कमावले. भाजीची देठं आम्ही वेगळी केली, क्रेडिट त्यांना. (मराठीत क्रेडिटला श्रेय म्हणतात. तेही त्यांनाच.)

आणि खरं सांगू का, या शहरातली सगळ्यात यशस्वी वीजबचत मोहीम कुठल्याही क्लायमेटच्या नावाने चालत नाही. ती वीजबिलावर छापलेली असते. महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असला तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये. १५० ची वेस ओलांडली की सवलत गेली. एरवी ग्लेशियर वितळल्याची बातमी सेव चावत ऐकणारे आमचे शेजारचे काका महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मीटरपाशी उभे असतात, बॅटरी घेऊन. "एकशे त्रेचाळीस झालेत. गीझर बंद!" घरात आणीबाणी. रीडिंग झालं की गीझर, इस्त्री, मिक्सर सगळं एकदम सुरू. काकांना ध्रुवावरचं अस्वल हलवू शकलं नाही, सात युनिटांनी हलवलं.

पैशाची भाषा पालिकेलाही येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड काढले, ८.२५ टक्के व्याजाने, आणि तुमच्याआमच्यासाठी खुले ठेवले. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. अर्जांचा पाऊस पडला. बँकेतली एफडी मोडायला आमच्या पिढीला जड जातं, पण त्या वेळी बरेच जण पर्यावरणवादी झाले.

आता जलूदच का? इथे खरी मेख आहे. इंदूरची नर्मदा इंदुरात नाही. ती सत्तरेक किलोमीटरवर, खाली निमाडात आहे, आणि जलूदच्या पंपांनी तिला माळव्याच्या पठारावर चढवावं लागतं. त्या विजेचं बिल महिन्याला वीस-पंचवीस कोटींच्या घरात जातं. म्हणजे आपल्या नळातून पाणी येतं तेव्हा ते घाट चढून, कोळसा खाऊन आलेलं असतं. आणि गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते तेव्हा गल्लीत जे ओघळतं ते पाणी नसतं, वीज असते. आमच्या गल्लीत दर खेपेला निदान दोन टाक्या वाहतात. पलीकडच्या दारातून कोणी ओरडतं, "मोटार!" आतून उत्तर येतं, "हो, चहा झाला की." शंभर दिवसांच्या कुठल्याही शपथेपेक्षा त्या चहाआधीचं एक बटण मोठं. पण शहराच्या योजनेत राजेंद्र नगरची टाकी कुठे आहे? एलईडी आहे, पंखा आहे, इस्त्री आहे. टाकीवर कोणी भाषण केलेलं मी तरी ऐकलं नाही.

तिकडे यजमानाला न विचारता गुरुजींनी काय केलं तेही बघा. २०१३ पासून एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव वाट, होती. आय-बस स्वतःच्या मार्गिकेतून जायची. राजीव गांधी चौक म्हणजे आमच्या उंबऱ्याशीच. हजारो माणसं रोज जायची-यायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी ती काढायची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेही परवानगी दिली. मधल्या डिसेंबरात काय सुरू झालं? क्लायमेट मिशन. तुम्ही पंख्याचं बटण बंद करा, आम्ही बसचा रस्ता बंद करतो. कोंडी होत होती, हे खरं. पण ती गाड्यांची होती, आणि जिंकल्या गाड्याच. बसमध्ये बसणाऱ्याला कोणी विचारलं होतं, "काय हो, तुमचं काय मत?" त्याच्या हातावर तर पळीभर पाणीसुद्धा कोणी घातलं नाही.

याच शहराने २२ सप्टेंबर २०२३ ला 'नो कार डे' पाळला होता. त्या दिवशी महापौरही गाडी सोडून निघाले. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस मात्र येस कार डे.

तेव्हा पुढच्या वेळी पार्षद शपथेचा कागद घेऊन दारात आले तर चहा द्या, सही करा, आणि दोनच गोष्टी विचारा. आपल्या वॉर्डाने गेल्या महिन्यात किती युनिट जाळली, तो आकडा चौकातल्या फळ्यावर कधी लागणार? आणि राजीव गांधी चौकातून पुढची बस किती मिनिटांनी? उत्तर मिळेपर्यंत "मम" म्हणू नका. आणि हो, चहा ठेवण्याआधी मोटार बंद करा. टाकी वाहतेय.