सतरावा दात

मांद्र्यात माणसाला अक्कलदाढ आली तर कोणी विचारत नाही. बुलेटला एक दात वाढवायचा म्हटल्यावर मात्र अर्धा वाडा गॅरेजसमोर जमतो. भावोजींची साडेतीनशे बुलेट जुनी, ओतीव लोखंडी सिलिंडरची. गिअर उजव्या पायात, पहिला वर, उरलेले तीन खाली. पुढचं स्प्रॉकेट १६ दातांचं. ते १७चं केलं की हायवेला गाडी मोकळी पळते, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

मागच्याला हात लावायची सोय नाही. त्याचे ३८ दाते ब्रेकच्या ड्रमलाच ओतलेले. पुढचं लपलंय क्लचच्या पाठीमागे. गॅरेजवाल्या मेस्ताने डावं झाकण उघडलं, तेल घमेल्यात सोडलं, अल्टरनेटर, क्लच, मग आतलं झाकण उतरवलं, तेव्हा कुठे त्याचं मुखदर्शन झालं.

“मागे कोण बसतं?” पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकल-टॅक्सीवर रेललेल्या पायलटाने विचारलं. सगळे माझ्या पोटाकडे बघू लागले.

“बाब, सपाटीर धांवतली, चडणीर रडटली,” मेस्त म्हणाला.

हिशेब सरळ होता. ३८ भागिले १६ म्हणजे २.३८, १७ने भागलं की २.२४. त्याच वेगाला इंजिन सहा टक्के कमी फिरणार, आणि तेवढीच ओढही जाणार. भावोजींनी यातलं पहिलं अर्धंच ऐकलं आणि किक मारली.

आंबोलीला निघालो. पेडण्यापर्यंत गायी आणि भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक यांच्यामधून चौथ्या गिअरची गाठच पडली नाही. पुढे महामार्ग ६६ लागला आणि खरंच, गाडी शहाण्यासारखी धावू लागली. धडधड इतकी कमी, की पत्रादेवीपर्यंत भावोजींचं व्याख्यान शब्दन्‌शब्द ऐकू आलं. हा तोटा हिशेबात कुणीच धरला नव्हता.

बांदा, सावंतवाडी, दाणोली. मग घाट. बुलेट दुसऱ्यात कण्हे, पहिल्यात केकाटे. दोहोंच्या मधला गिअर कारखान्याने दिलेलाच नाही. एसटी पुढे गेली. केळी भरलेला टेम्पोही गेला, वर हॉर्न देऊन.

“तू जरा उतर,” भावोजी म्हणाले. “वळणापुरता.”

घाटात वळणं पुष्कळ आहेत. मी घामाघूम होऊन पोचायचो, तर ते टाकीवर हात ठेवून उभे. “बघ, कशी चढली! दोष दाताचा नव्हताच.”

आंबोलीत चहा येईपर्यंत त्यांनी मेस्ताला फोन लावला होता. १८चं मिळतं का, विचारत होते.