बिनसुकाणूचे कप्तान

ओंटारियोत मे महिना लागला, तळ्यांवरचा बर्फ गेला, की ठिकठिकाणच्या कनू क्लबांत नवशिक्यांचे वर्ग सुरू होतात. आणि प्रत्येक वर्गात एक कप्तान निघतोच. क्लबाने त्याला नेमलेलं नसतं. दोघांच्या नावेत तो मागची जागा पटकावतो, बायकोला पुढे बसवतो, आणि नेमणूक आपोआप होते.

आमच्या वर्गातले कप्तान मिसिसागाचे. मूळचे पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले, ऑफिसात बरीच माणसं हाताखाली. पाण्याशी आपला जुना संबंध आहे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्यांना सांगितलं. पुण्यात असेपर्यंत इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा त्यांनी एकदाही चुकवली नाही म्हणे. “काठावरून,” वहिनी म्हणाल्या.

तयारी मात्र जय्यत. इकडच्या नियमाप्रमाणे नावेत माणशी एक लाइफ जॅकेट, १५ मीटरचा तरंगता दोर, पाणी उपसायला भांडं आणि एक शिट्टी लागते. बाकीचे लोक भांड्याची गरज रिकामा प्लास्टिकचा कॅन कापून भागवतात. कप्तानांनी भांडंसुद्धा ब्रँडेड आणलं. शिट्टी संकटात वाजवायची असते. वहिनींचं वल्हं जरा उशिरा पडलं तरी कप्तानांच्या मते ते संकटच.

शिकवायला युनिव्हर्सिटीतली एक मुलगी होती. तिला कप्तानांनी कनूचा इतिहास ऐकवला. इथले मूळ रहिवासी बर्च झाडाच्या सालीची नाव करत, स्प्रूसच्या मुळांनी ती शिवत, झाडाच्या डिंकाने सांधे बुजवत. एक खिळा लागत नसे. पीटरबरोच्या कनू संग्रहालयात सहाशेवर नावा आहेत. बिल मेसनचं ‘पाथ ऑफ द पॅडल’ तर वाचायलाच हवं. माहिती सगळी बरोबर होती. मुलीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “आता गुडघ्यांवर बसा. वजन खाली गेलं की नाव डुलत नाही.”

“आम्ही देवापुढेसुद्धा मांडी घालून बसतो,” असं मराठीत पुटपुटत कप्तान बाकड्यावर ताठ बसले. नाव डुलली. “अगं, हलू नकोस!” ते ओरडले. वहिनी हलल्या नव्हत्या.

मागच्या जागेची थोरवी इथे सांगायला हवी. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला पुढचा सतत दिसतो. त्यामुळे पुढच्याने वल्हं थांबवलं की तात्काळ पंचनामा होतो. मागच्याने थांबवलं तर ते दिशेचं निरीक्षण ठरतं. आमचे कप्तान तासातला बराच वेळ निरीक्षण करत. तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर म्हणत, “बघ, जमलं की नाही आपल्याला!”

अडचण एकच होती. नाव सरळ जात नसे. वहिनी उजवीकडून वल्हवत, कप्तान डावीकडून, आणि नाव उजवीकडे वळत वळत लव्हाळ्यात घुसे. “तू जोर कमी लावतेस,” कप्तानांनी निदान केलं. वहिनींनी जोर वाढवला. नाव तशीच, फक्त लव्हाळ्यात जरा लवकर पोचली. अंगण वाकडं म्हणायची सोय नव्हती, तळं चांगलं सपाट होतं. म्हणून बायको वाकडी.

मुलीने समजावलं की दोष मागचा आहे. मागचा माणूस नावेच्या मध्यापासून जास्त लांब बसतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फटक्यासरशी नावेचं तोंड त्याच्या विरुद्ध बाजूला फिरतं. कनूला सुकाणू नाही. फटका संपताना मागच्याने अंगठा खाली वळवून वल्ह्याने पाणी थोडं बाहेर लोटायचं, म्हणजे तोंड पुन्हा सरळ होतं. हा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा फटका म्हणजे मागच्याचं खरं काम. पुढच्याने फक्त ताल धरायचा.

कप्तानांनी मान डोलावली. मग वहिनींकडे वळून म्हणाले, “ऐकलंस ना? ताल.”

शेवटी मुलीने जागा बदलायला लावल्या. काठावर उतरून वहिनी मागे गेल्या, कप्तान पुढे आले. त्यांचा चेहरा रिटायरमेंटची नोटीस मिळाल्यासारखा झाला. पहिली काही मिनिटं ते सारखे मागे वळून सूचना देत होते. पण वळलं की नाव कलंडायला लागते, हे पाण्यानेच त्यांना पटवलं. वहिनींनी अंगठा खाली वळवला, पाणी बाहेर लोटलं. नाव थेट समोरच्या धक्क्याला जाऊन लागली. सबंध वर्गाने टाळ्या वाजवल्या.

कप्तान उतरले, जॅकेटचे पट्टे सैल केले आणि सगळ्यांना म्हणाले, “पुढून नीट खेचणारा असला, की मागच्याला काही कामच उरत नाही.”

वहिनी दोर गुंडाळत होत्या. म्हणाल्या, “अहो, मग पुढच्या आठवड्यातही तुम्हीच पुढे बसा.”

चहाच्या वेळी कप्तानांनी फ्रँक एमियटची गोष्ट काढली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कनू शर्यती पहिल्यांदाच पदकांसाठी झाल्या आणि कॅनडाला त्या ऑलिंपिकमधलं एकमेव सुवर्ण एमियटने हजार मीटरच्या शर्यतीत मिळवून दिलं. गोष्ट खरी आणि सांगितलीही झकास. एक तपशील तेवढा कप्तान गाळतात: ती एकट्याची नाव होती. एकट्याच्या नावेत दिशा चुकली तर शिट्टी कोणावर वाजवायची? म्हणूनच क्लबाच्या धक्क्यावर एकट्याच्या नावा रिकाम्या पडलेल्या असल्या, तरी कप्तान तिकडे फिरकत नाहीत.

तुमच्याही घरात, सोसायटीत किंवा महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर असे एक कप्तान असतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका. वादात ते मागेच बसतात आणि त्यांना तुमची पाठ दिसते. त्यांचं कौतुक करा, जॅकेटचे पट्टे नीट आवळा, हातात वल्हं द्या आणि एकट्याच्या नावेत बसवून काठावरून हळूच ढकला.