ऊन देवाचं, भाडं माझं

गिऱ्हाईक आमच्या शेडमध्ये शिरतं तेव्हा 'नमस्कार' म्हणत नाही. 'समोर दीडशे घेतात,' म्हणतं. सांगली-मिरज रस्त्यावर भाव विचारायची ही रीत आहे आणि तिला काय उत्तर द्यायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं वॉशिंग सेंटर. तिथे एक रॅम्प आहे, एक पंप आहे, एक बादली आहे आणि एक फडकं आहे. ते फडकं सकाळी ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर फिरतं, दुपारी बुलेटवर आणि संध्याकाळी कुणाच्या तरी नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर. ट्रॅक्टरची रेती त्यात असतेच. ती रंगावर गोल गोल फिरते आणि मग भर उन्हात तिरकं पाहिलं की बॉनेटभर कोळ्याचं जाळं दिसतं. पण गाडीकडे तिरकं पाहतो कोण? गिऱ्हाईक पाहतं ते लांबून, पाणी निथळत असताना, टायरला काळं पॉलिश मारलेलं. धंद्याची सगळी मेख इथे आहे. दीडशेची गाडी आणि सहाशेची गाडी संध्याकाळी सहा वाजता अगदी सारखीच दिसते.

माझे सहाशे होते. मी व्हिडिओ पाहून शिकलेला, त्यामुळे माझ्याकडे बादल्या दोन. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरी हातमोजा खळबळून घ्यायला, आणि खाली बसलेली माती परत वर येऊ नये म्हणून तळाशी जाळी. चाकांचं कापड वेगळं, दारांचं वेगळं, काचेचं वेगळं. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा रंगाला लावायचं नाही, हा दंडक. बायको एकदा शेडवर आली होती, तिने हे सगळं कौतुकाने पाहिलं. 'घरी पोळ्यांच्या डब्यातलं फडकं कधी बदललं होतंस?' एवढंच म्हणाली.

ती पतसंस्थेत नोकरी करते. थकबाकीदारांचे चेहरे रोज बघत असल्यामुळे माझा चेहरा तिला लवकर वाचता आला. एका जुन्या व्हाउचरच्या पाठीवर तिने शेडचं भाडं, हाताखालच्या पोराचा पगार, वीज, शाम्पू, कापडं असं सगळं मांडलं आणि सांगितलं, की सहाशेच्या प्रत्येक धुण्यामागे चाळीस रुपये आपण पदरचे घालतोय.

'म्हणजे गाडी न आलेली बरी?' मी विचारलं.

'मग गेला महिना तू चांगलाच काढलास,' ती म्हणाली.

माझ्या मेहुण्याचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे त्याला सगळ्याच धंद्यांतलं कळतं. त्याच्या सल्ल्याने मी दर पाडला. एकशेनव्याण्णव. रांग लागली. गर्दीच्या पहिल्याच रविवारी दुसरी बादली बाजूला गेली, कारण ती भरण्यात वेळ जातो. मग शाम्पूत पाणी वाढलं. मग चाकांचं कापड कुठलं आणि दारांचं कुठलं, हे पोराला विचारायची सोय उरली नाही. एका संध्याकाळी कंबर सरळ करायला उभा राहिलो, तर समोरचा मालक खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसलेला. त्याची सगळी गर्दी माझ्याकडे आली होती आणि तो बऱ्याच वर्षांनी दुपारचा घरी जेवायला जाऊ लागला होता. चांगला बाळसेदार दिसत होता. बायकोने नवा हिशेब मांडला: तोटा आता गाडीमागे थोडा कमी, पण गाड्या तिप्पट.

मेहुणा म्हणाला, 'धुण्यात पैसा नसतोच. पैसा पॉलिशमध्ये.'

म्हणून मी रंगाची जाडी मोजायचं मीटर घेतलं. (त्याची किंमत घरात सांगितलेली आहे, पूर्ण नाही.) हे मीटर पत्र्याला टेकवलं की आकडा येतो. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर, सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. त्यातला पारदर्शक थर जेमतेम ४०-५०, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. गाडीची जी काय चमक असते ती या थरात. रबिंग करायचं म्हणजे हा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट करायचा. त्यात दर खेपेला दोन-तीन मायक्रॉन जातात, हात जड असला तर जास्त. गेलेलं परत येत नाही. दर दिवाळीला स्वस्तात रबिंग मारून घेणारा माणूस पदरचे पैसे देऊन गाडीची चमक काढून टाकत असतो.

हे सगळं मी एका हायस्कूलच्या सरांना समजावलं, त्यांच्याच बॉनेटवर मीटर टेकवून. आकडा आला ९६.

'नापास कितीला?' सरांनी विचारलं.

'सत्तरच्या खाली गेलं की काळजी करायची, सर.'

'मग भरपूर आहेत की. मारा रबिंग.'

दुसरे एक जण 'टेफ्लॉन करा' म्हणून आले. मी खरं सांगायला गेलो. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना, तव्यावर त्याचा थर बसवतात तो भट्टीत भाजून. गाडीवर हाताने पुसून लावलेलं टेफ्लॉन रंगाला धरून राहणार कशाच्या जोरावर? त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'मग तुमच्याकडे भट्टी नाही म्हणा की.' भट्टी असलेल्याच्या शोधात ते निघून गेले.

सिरॅमिक कोटिंगचंही तेच. बाटलीवर मोठ्या अक्षरांत '९ एच' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं आता गाडीवर दगड मारून बघायला हरकत नाही. ही मोजणी पेन्सिलीची. ९ एचच्या कडक पेन्सिलीने रेघ ओढली तरी थरावर ओरखडा येत नाही, एवढाच तिचा अर्थ. किल्ली, काटेरी बाभूळ आणि शेजारच्या पोराची सायकल तिच्या हिशेबात धरलेली नाहीत. पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, हे खरं, पण गाडी धुवावी लागतेच. हे मी सांगायचो ते अठरा हजार सांगून झाल्यावर. अठरा हजार ऐकलेल्या माणसाला 'धुवावी लागतेच' ऐकवायचं नसतं, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

अशात खंडेनवमी जवळ आली. पूजेला गाडी लखलखीत हवी म्हणून वर्षभर न फिरकणारी माणसं या आठवड्यात येतात. मार्केट यार्डातले हळदीचे एक शेठ आले. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये. शेठच्या गाडीला ते त्याआधीच मिळालेलं असावं. मागच्या बदामी रंगाच्या कापडी सीटवर नमुन्याच्या पुड्या फुटून फुटून असा थर बसला होता, की दार उघडल्यावर पोरगा शिंकला आणि मला क्षणभर लग्नघरात आल्यासारखं वाटलं.

मी अडीच हजार सांगितले. शेठनी काही न बोलता माझा हात हातात घेतला. रुमालाखाली बोटं दाबून सौदे करणारी ती पिढी, रुमाल तेवढा वर टाकायचा राहिला होता. माझी दोन बोटं दाबत ते म्हणाले, 'मालक, बाराशेत बसवा की.'

बसवलं.

बाराशेत बसवायचं तर कुठेतरी काटायला हवं. सीटच्या कापडाचा चांगला क्लीनर नऊशेला बाटली. केमिकलच्या दुकानात कॅनमधून सुट्टा एक क्लीनर मिळतो, गॅरेजवाले इंजिनावरचं ऑइल काढायला वापरतात तो, साठ रुपये लिटर. ऑइल काढतो तर हळद काय चीज आहे, असा विचार करून मी दोन लिटर आणला. आधी व्हॅक्यूम मारला. मग पोराला सांगितलं, 'फवारा मार आणि थांब. लगेच घासायचं नाही. केमिकलला काम करू द्यायचं.'

केमिकलने काम केलं. आमच्या डोळ्यांदेखत पिवळी सीट तांबूस झाली, मग लाल, मग लालभडक. कडेच्या शिलाईत साचलेली हळद तर काळपट लाल झाली आणि तिथून एक ओघळ पायपुसण्यावर आला.

'दादा,' पोरगा मागे सरकत म्हणाला, 'रक्त वो!'

मी बी.एस्सी. आहे, विषय केमिस्ट्री. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून पदवीचं प्रमाणपत्र मी शेडमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे, गणपतीच्या फोटोशेजारी. अल्कली लागली की हळद लाल होते, हा प्रयोग शाळेतल्या पोरांना करायला लावतात. हळदीत खार घालून कुंकू करतात, हे आमच्याकडच्या कुठल्याही आजीला पदवीशिवाय माहीत असतं. पोरगा एकदा फ्रेमकडे बघत होता, एकदा सीटकडे.

मग मला उरलेली केमिस्ट्री आठवली. अल्कलीवर उतारा आम्लाचा. शेजारच्या चायनीजच्या गाड्यावरून व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या, त्याने त्या मंचुरियनच्या भावाने लावल्या. मारल्या. लाल रंग मागे हटला. अर्ध्या तासात सीट पुन्हा पिवळीधमक झाली आणि मी आनंदाने पोराला टाळी दिली. गाडी जशी आली होती तशी करण्यात मला संपूर्ण यश आलं होतं. बाराशेतले चारशे संपले होते आणि आत बसलं की भेळ खावीशी वाटत होती.

रात्री आईला फोन केला. तिला धंद्यातलं काही सांगितलेलं आवडत नाही, पण डाग हा तिचा विषय. 'उन्हात टाक,' ती म्हणाली. 'हळद साबणाला दाद देत नाही. उन्हाला देते.' आणि ते बरोबर आहे. हळदीतला रंग उजेडात टिकत नाही, म्हणून तर हळद लागलेल्या साड्या दोरीवर पसरतात. माझ्या पदवीत हेही कुठेतरी असणार.

दुसऱ्या दिवशीपासून ऑक्टोबरच्या त्या करपवणाऱ्या उन्हात शेठची गाडी चारही दारं उघडून शेडपुढे उभी. ऊन सरकलं की पोरगा गाडी सरकवायचा. सीट ओली करायची, उन्हाला द्यायची, परत ओली करायची. शेडपुढे जागा एकाच गाडीची, त्यामुळे खंडेनवमीचं बाकीचं गिऱ्हाईक समोर गेलं आणि समोरच्याचं दुपारचं घरी जेवणं पुन्हा बंद झालं. पण सीट निघाली. बदामी, अगदी शोरूमची. शेठनी बोट फिरवून पाहिलं, बोटाचा वास घेतला आणि बाराशे मोजून वर एक नारळ दिला.

तो नारळ मला लाखाचा पडला असता, म्हणजे फायद्याच्या बाजूने. शेठनी अख्ख्या मार्केट यार्डात सांगितलं, की विश्रामबागेकडे एक जण हळद काढून देतो. अडत्ये आले, व्यापारी आले, एक टेम्पोवाला पुढची सीट खांद्यावर घेऊन आला. या वेळी मी मन घट्ट केलं आणि तीन हजार सांगितले. 'समोर दीडशे' कुणी म्हणालं नाही, कारण समोर हळद निघत नव्हती. बायकोने व्हाउचरच्या पाठीवर पुन्हा हिशेब मांडला, दोनदा तपासला आणि त्या रात्री जेवणात गोड केलं.

मग एक दिवस शेठ सहज म्हणून डोकावले. पुढे पिवळी गाडी दारं उघडून उन्हात. पोरगा मोबाइल बघतोय. मी खुर्चीत.

'काय चाललंय?'

'प्रोसेस सुरू आहे, शेठ.'

ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. ओल्या सीटला हात लावला. वर आभाळाकडे पाहिलं. चाळीस वर्षं मालात हात घालून भाव ओळखणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काही बघावं लागत नाही.

'म्हणजे उन्हात ठेवता?'

'शेठ, आधी व्हॅक्यूम असतो, मग…'

'ऊन तर देवाचं, मालक. त्याचे तीन हजार?'

मी जागेचं भाडं सांगितलं. गाडी सरकवायला माणूस लागतो, हे सांगितलं. ठाऊक असण्यालाही काही किंमत असते, असं एक वाक्य बोलायला घेतलं होतं, पण आतली फ्रेम दिसली आणि मध्येच सोडलं. पुढच्या आठवड्यात कामासाठी यार्डात गेलो, तर गोदामांसमोर दारं उघडलेल्या गाड्यांची ओळ लागलेली. हमाल सावलीत बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत होते.

परवा शेठचा फोन आला. आवाज जरा खालचा. नव्या ड्रायव्हरने डोकं चालवलं होतं म्हणे, उन्हात टाकायच्या आधी गॅरेजमधून कॅनमधलं काहीतरी आणून सीटवर मारलं होतं.

'मालक, सीट लाल झालीय वो.'

'तीन हजार होतील, शेठ.'

पलीकडे बराच वेळ नुसता यार्डातला गलका ऐकू येत होता.

'बाराशेत बसवा की,' शेठ म्हणाले.