कुंडीला कळतं, गाडी वळत नाही

आमच्या चौकातली कचराकुंडी हुशार झाली आहे. झाकणाला आतून साबणाच्या वडीएवढी डबी बसवली आहे. ती ध्वनिलहरी खाली सोडते, त्या कचऱ्यावर आपटून किती वेळात परततात ते मोजते आणि कुंडी किती टक्के भरली ते महापालिकेच्या नियंत्रण कक्षाला कळवते. कुंडी भरली की गाडी निघते. म्हणजे, निघावी अशी योजना आहे.

तंत्र खोटं नाही. युरोपातल्या काही शहरांत कचऱ्याची टाकी जमिनीखाली असते, वर नुसतं तोंड. आतलं कुणालाच दिसत नाही, म्हणून गाडी ठरल्या वारी यायची आणि अर्धी रिकामी टाकी उपसून जायची. तिथे सेन्सरमुळे खेपा वाचतात. आमच्याकडे कुंडी भरल्याचं आधी गाईला कळतं, मग कुत्र्यांना, मग वडापाववाल्याला आणि वारा फिरला की तिसऱ्या मजल्याला. या बातमीचा शहरात कधी तुटवडाच नव्हता. तुटवडा गाडीचा. एक गॅरेजात, दुसरीचा ड्रायव्हर रजेवर.

त्यात डबी झाकणाला, आणि झाकण कायम उघडं. त्या झाकणाला हात कोण लावणार? लोक स्कूटर न थांबवता पिशवी नेम धरून भिरकावतात. उताण्या झाकणातली डबी आभाळाकडे लहरी सोडते, परत काहीच येत नाही. त्यामुळे कक्षातल्या भिंतभर पडद्यावर आमची कुंडी हिरवीगार. नेम चुकलेल्या पिशव्या कुंडीबाहेर पडतात, त्या डबीच्या अखत्यारीत येत नाहीत. तक्रार घेऊन गेलो तर साहेबांनी पडदा दाखवला. ‘‘सिस्टीममध्ये रिकामी दिसतेय. भरली असेल तर लेखी द्या.’’

पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया २००८पासून दारोदार फिरताहेत. कुणाकडे पाहुणे आलेत, कोण ओल्या कचऱ्यात काचा दडवतं, हे त्यांना बादली उचलताच समजतं. त्यांना कुणी स्मार्ट म्हणत नाही. त्या बसमध्ये चढल्या की लोक सरकून बसतात. नागपुरात तर सफाई कामगारांच्या मनगटावरच जीपीएसची घड्याळं बांधली होती. झाडणारा कुठे आहे, हे साहेबाला कळायलाच हवं. साहेब कुठे आहेत, हे कळवणारं घड्याळ अजून बाजारात यायचंय.

असो. परवा चौकात एकदम लगबग उडाली. ‘स्वच्छ सर्वेक्षणा’चं पथक येणार होतं आणि या स्पर्धेत, रस्त्यावर कचराकुंडीच नसणं ही शहराची जमेची बाजू धरतात. झालं, कुंडी रातोरात हलली. जागेवर रांगोळी आली, आणि दोन नव्या कुंड्या, शेवंतीच्या. पथक फोटो काढून गेलं, त्याच संध्याकाळी पहिली पिशवी शेवंतीत पडली.

डबीच्या देखभालीचा करार मात्र चालू आहे. ठेकेदाराचं बिल डबीमागे असतं, कुंडीमागे नाही.