ओपन इलेक्टिव्ह आणि परतीची गाडी

मे महिन्यात आमच्या अंजनवेलीत आंबा उतरतो आणि सल्ले चढतात. बारावीचा निकाल लागलेलं पोर घरात असेल तर विचारूच नका. पडवीत जो येतो तो चहा व्हायच्या आत त्याचं आयुष्य मार्गी लावून मोकळा होतो.

यंदा पाळी आमच्या पुतणीची होती. कॉमर्सला बरे मार्क पडले होते, बी.कॉम. करायचं नक्की होतं. म्हणजे काम सोपं, असं आम्ही धरून चाललो. आमच्या वेळी प्रवेश म्हणजे एक अर्ज, दोन फोटो आणि वडिलांची सही. पुतणीने मोबाईल पुढे केला.

"काका, ओई म्हणजे काय?"

"अगो, हाक मारतात तशी असेल. ओऽई!"

ती हसली नाही. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. त्याच्या शेजारी व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी अशी मंडळी रांगेत बसलेली. एईसी आणि व्हीईसी ही मला जुळी भावंडं वाटली. पण एक क्षमता वाढवतं आणि दुसरं मूल्यं शिकवतं, असं पुतणीनेच शोधून काढलं. 2020 सालचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मुंबई, पुणे करत 2024-25 मध्ये संलग्न कॉलेजांपर्यंत येऊन पोचलं, त्याचा हा प्रसाद. मुंबई विद्यापीठ 1857 चं. इतकी वर्षं त्याने आम्हाला काय शिकायचं ते सांगितलं, आता ते आम्हाला विचारतंय. विचारल्याचा आनंद आहेच. उत्तर कोणाला येतं, एवढाच प्रश्न.

आजी कोपऱ्यात वाल सोलत होती. तिने एकच शब्द पकडला, क्रेडिट. "म्हणजे उधारीच ना?" तिला सांगितलं, पंधरा तास वर्गात बसलं की एक क्रेडिट, सत्राला 20 ते 22, तीन वर्षांत 120 ते 132. "एवढी उधारी? आणि फेडायची कोणी?" म्हटलं, आजी, हे आपण जमवायचं असतं आणि ते ठेवायला बँकसुद्धा आहे, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तिने पुढचा प्रश्न विचारला तो अर्थखात्याने विचारावा असा होता: "व्याज किती?"

या योजनेतला एकच भाग गावाला चटकन समजला. मधेच बाहेर पडता येतं आणि पुन्हा आत येता येतं. एक वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स. यात नवीन ते काय? आमचा गोपाळगड विजापूरकरांचा होता, मग शिवाजी महाराजांचा झाला, पुढे सिद्दीकडे गेला, सिद्दीकडून तुळाजी आंग्र्यांनी घेतला, आंग्र्यांनंतर पेशवे आले आणि 1818 मध्ये इंग्रज. प्रत्येकाने सोयीने प्रवेश घेतला आणि गैरसोयीने सोडला. ऑनर्सपर्यंत कोणीच थांबलं नाही.

करिअर मार्गदर्शनाचाही आम्हाला अनुभव आहे. नव्वदच्या दशकात एन्रॉनचा वीजप्रकल्प आमच्या दारात आला तेव्हा पंचक्रोशीत एकच अभ्यासक्रम चालायचा: "आयटीआय कर, कंपनीत लागशील." वकील, मास्तर, भाऊबंद, सगळ्यांचा सल्ला एक. आमचा चुलतभाऊ फिटर झाला. 1999 साली पहिला टप्पा सुरू झाला, 2001 च्या मे महिन्यात बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली. पुढे 2005 साली सरकारी कंपन्यांनी नव्या नावाने प्रकल्प हाती घेतला, तोवर भाऊ मस्कतला पाइप जोडत होता. तेव्हापासून कोणी छातीठोक सल्ला दिला की आमच्या घरात आधी पासपोर्ट शोधतात.

तर ओपन इलेक्टिव्ह. नियम असा, की हा विषय आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. कल्पना फार चांगली, हे मी उपहासाने म्हणत नाही. हिशेब शिकणाऱ्या पोरीने थोडा इतिहास वाचावा, थोडं वनस्पतिशास्त्र पाहावं, यात वाईट काय? हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट 1869 साली अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली. मग लक्षात आलं, की पोरं गोंधळतात किंवा सोपं ते धरतात. म्हणून नवीन विद्यार्थ्यांसाठी सल्लागार प्राध्यापक नेमावे लागले. आपण मोकळीक आणली. सल्लागार मागच्या गाडीने येत असावा.

त्याला शोधायला आम्ही कॉलेजात गेलो. नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखी पुष्कळ आहेत. समुपदेशन कक्षाला कुलूप होतं, आणि खिडकीतून पाहिलं तर आत कबड्डीच्या मॅट होत्या. ऑफिसातल्या बाईंनी एका सरांकडे पाठवलं. सर तरुण, सज्जन, तासिका तत्त्वावरचे. जेवढे तास तेवढे पैसे, आणि समुपदेशन तासात धरत नाहीत. तरी वीस मिनिटं त्यांनी फुकट दिली. यादी उघडून म्हणाले, "यादीत पुष्कळ आहे. शिकवायला माणूस आहे ते सांगतो." आणि यादी दाभोळ बंदरावरच्या लिलावासारखी झाली. समुद्रात काय काय असतं ते विचारू नये, जाळ्यात आलंय त्यातलं घ्यावं. आलं होतं इतिहास आणि पर्यावरण.

शेवटी फॉर्म भरला तो शृंगारतळीला, झेरॉक्सच्या दुकानात. कोकणातला खरा शैक्षणिक सल्लागार तिथे बसतो. एका हाताने कोणाचंतरी आधारकार्ड लॅमिनेशनच्या यंत्रात सरकवत त्याने विचारलं, "ताई, मेजर?"

"अकाउंटन्सी."

"ओई?"

पडद्यावर यादी लोंबली. पुतणी वाचायला पुढे वाकली, तोवर त्याचा बाण पर्यावरणावर जाऊन थांबला होता. "कालपासून सगळ्यांना हाच टाकतोय. साइट पटकन घेते."

विद्यापीठाच्या विद्वत्सभेला न सुचलेला निकष! मी त्याला थांबवलं. मग नावाचा घोळ निघाला. आधारवर आधी नाव, गुणपत्रिकेवर आधी आडनाव, आणि बारा आकड्यांच्या अपार आयडीला ही दोन वेगळी माणसं वाटत होती. त्यात पाऊण तास गेला. लॅमिनेशनचा वास, पंख्याची करकर आणि पडद्यावर फिरणारं चाक. या अवधीत पुतणीने वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नियोजन केलं. मी डोकावून पाहिलं. विषयांची नावं नव्हतीच, नुसत्या वेळा होत्या. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, तेरावीला पैसे मोजून पास. पास काढला तरी गाडी वाढत नाही. चुकली तर शृंगारतळीपर्यंत मिळेल ते वाहन, पुढे रिक्षा, आणि घरी बाबा दारात.

"पर्यावरण शेवटच्या तासाला आहे, काका. इतिहास सकाळी."

धोरणात कौशल्य, रुची, सर्वांगीण विकास असे बरेच शब्द आहेत. परतीच्या गाडीचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

पुतणीने इतिहास घेतलाय. तास साडेदहाला असतो, गाडी मिळते.