फ्री, लॉक आणि गाविलगडाचा चढ

विदर्भाच्या प्रवासवर्णनांत परतवाड्याच्या वाट्याला सहसा अर्धेच वाक्य येते, आणि त्या अर्ध्या वाक्यातही प्रवासी चहा घेऊन पुढे निघालेला असतो. अचलपूरला खेटून असलेले, इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलेले आणि सागवानाच्या व्यापारावर पोसलेले हे गाव चिखलदऱ्याच्या पर्यटकास केवळ घाटापूर्वीचा थांबा वाटते. तथापि ज्याच्याकडे फोर व्हील ड्राइव्हची जुनी जीप अथवा जिप्सी असते, त्याचे प्रवासवर्णन येथील गॅरेजात सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. कारण पुढच्या चाकांचे हब उघडून पुन्हा जुळवल्याखेरीज मेळघाटात शिरू नये, असा सल्ला त्याला निघण्याच्या दिवशीच कोणीतरी दिलेला असतो.

अशा गाडीत चालकाजवळ एक आखूड दांडा असतो, आणि तो ओढला की इंजिनाची ओढ मागच्या चाकांबरोबर पुढच्या ॲक्सललाही मिळते. परंतु साध्या रस्त्यावर ही ओढ नको असते, आणि चाके मात्र पुढचा शाफ्ट, डिफरन्शियल व प्रॉपेलर शाफ्ट हा सारा लवाजमा फुकट फिरवत राहतात, ज्यात इंधनही जाते आणि भागही झिजतात. हा अपव्यय टाळण्यासाठी चाक आणि शाफ्ट यांची हाताने फारकत करणारा हब निघाला. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये विलीज जीपसाठी असे हब विकण्यास आरंभ केला, आणि भारतात १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीमुळे चाकाच्या मध्यावरील ते फिरवायचे बटण पुष्कळांच्या परिचयाचे झाले. बटण ‘फ्री’वर असता चाक एकटे फिरते, ‘लॉक’वर नेले की आतील दातेरी रिंग सरकून चाकाला शाफ्टशी जखडते.

जुळवणीचा विधी चाक घोडीवर चढवून आणि सर्व भाग रॉकेलने धुऊन सुरू होतो. बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून भरले जाते. मग चाक हाताने फिरवत आतला नट प्रथम घट्ट आवळतात, नंतर किंचित सैल सोडतात, त्यावर जिभेचा वॉशर व बाहेरचा नट बसवून ती जीभ नटावर दुमडतात. त्यानंतर पॅकिंग आणि हबची बॉडी चढते, आणि शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकाशी कोरलेल्या उभ्या खाचांवर, आतले दातेरी चाक सरकवले जाते. ते निसटू नये म्हणून सर्कलिप, म्हणजे तोंड उघडे असलेली पोलादी कडी, शाफ्टच्या खाचेत बसवावी लागते. आणि ती खाच आत दडलेली असल्याने शाफ्टच्या टोकात एक बोल्ट अर्धवट फिरवून, तो धरून शाफ्ट बाहेर ओढावा लागतो. एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने पक्कडीने कडी फाकवायची, अशी ही दोघांची कामगिरी असताना तेथे किमान सात जण उपस्थित असतात, आणि कडी उडाली की सातही जण, ‘कुठी गेली बा?’ असे एकमेकांस विचारत, ती नक्की कोठे पडली याबद्दल सात निरनिराळ्या दिशा दाखवतात.

बटणाच्या यंत्रणेत मात्र ग्रीस बेतानेच लावायचे असते, कारण ते अति झाल्यास रिंग सरकत नाही. पैसे मोजलेल्या गाडीमालकास हा हात आखडता वाटतो. ‘झाकन फ्रीवर ठिवूनच लावा लागते, साहेब; लॉकवर लावसान तं आतली रिंग अडकते,’ हे मिस्त्रीचे सूत्र मालक वहीत टिपून घेतो, आणि बोल्ट समोरासमोर आवळले जात असताना बटण लॉकवर फिरवून पाहतो. ते सारे पुन्हा उघडावे लागते, तोवर दुसरा चहा आलेला असतो.

दोन्ही हब एकाच स्थितीत असणे येथे अत्यावश्यक ठरते. एक लॉक आणि दुसरा फ्री राहिल्यास डिफरन्शियल सारे फिरणे फ्री बाजूच्या मोकळ्या शाफ्टला बहाल करते, आणि जखडलेल्या चाकाला काहीच मिळत नाही. जो काम करण्यास सज्ज त्याला रिकामे ठेवून जो मोकळा त्याला सर्व काही द्यावे, हा न्याय यंत्रशास्त्रात अपवाद मानला जात नाही.

घाटाच्या कोरड्या डांबरावर दांडा ओढणे हा प्रतिष्ठेचा आणि अज्ञानाचा संयुक्त प्रकार होय. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, या गाड्यांत त्या फरकाला वाट नसते, आणि सारा ताण गिअरांत साचतो. खरी गरज पावसाळ्यातील काळ्या मातीत पडते, परंतु गाडी फसल्यावर ते बटण चिखलाखाली गेलेले असते आणि गाडीतील प्रत्येकास आपापल्या बुटांचे मोल अकस्मात उमगते. याच डोंगरात डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने गाविलगडाच्या उत्तर बाजूस पोचण्यासाठी जड तोफा बहुतांश वाट हातांनी ओढत नेल्या, त्याही स्वतःच तयार केलेल्या रस्त्यांवरून, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. त्या मोहिमेत खाली कोण उतरणार हा वाद उद्भवल्याची नोंद नाही.

‘आंदी उतरा लागते, भाऊ, मंग चढता येते,’ असे यावर गॅरेजातील मत आहे. म्हणून जाणते लोक दोन्ही हब परतवाड्यातच लॉक करतात, कारण दांडा न ओढता तसे चालवल्याने थोडे जादा इंधन आणि थोडी झीज यापलीकडे नुकसान होत नाही, आणि परत आल्यावरच ते फ्री करतात. इंधन वाचवण्यासाठी अर्धा दिवस खपून जुळवलेली यंत्रणा अशा रीतीने नेमकी सहलभर वापरली जात नाही, आणि न वाचलेल्या इंधनाचा खर्च चिखलदऱ्याच्या कॉफीच्या खाती घातला जातो.